मदत हवी आहे: हॅकर न्यूजवर गाजलो, पण त्याने धंदा वाढतो का?

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आम्ही दोघे भाऊ विहिरीच्या मोटारीसाठी मोबाइल स्टार्टर बनवतो. स्टार्टरच्या पेटीत बसणारा छोटा डबा आहे. लाईट आली की शेतकऱ्याला मिस्ड कॉल जातो, त्याने उलट फोन लावला की मोटार चालू होते, फेज गेला की बंद. ऑटोवर ठेवलं तर फोनचीही गरज नाही. किंमत ४,२०० रुपये. चोपडा, यावल, रावेर आणि थोडं अमळनेरकडे मिळून २३० नग गेले आहेत.

फेब्रुवारीत धाकट्याने आतला प्रोग्रॅम गिटहबवर (प्रोग्रॅम ठेवायची साइट) सगळ्यांसाठी खुला केला आणि एक इंग्रजी लेख लिहून हॅकर न्यूजवर, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या अमेरिकी चर्चेच्या साइटवर, टाकला. शेतीपंपाची लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. केळीचं पाणी चुकवून चालत नाही, म्हणून माणूस बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जातो, हे त्याने फार मनापासून लिहिलं होतं. लेख पहिल्या पानावर चढला. दोन दिवसांत ३८,००० लोकांनी आमची साइट पाहिली. ब्राझील, केनिया, जर्मनीहून मेल आले. आम्ही रात्रभर जागलो, आई मधूनमधून चहा करून देत होती.

जानेवारीत १५ डबे विकले गेले होते. फेब्रुवारीत १४.

आता धाकट्याचं म्हणणं असं की पुढचे दोन महिने त्याच मंडळींसाठी द्यावेत: इंग्रजी व्हिडिओ, नीट माहितीपुस्तिका, आणखी लेख. माझं मन होत नाही. आमचे निम्मे डबे मोटार रिवायंडिंगवाल्यांच्या शब्दावर विकले गेलेत. मागच्या महिन्यात अमळनेर तालुक्यात एका आप्पांच्या विहिरीवर डबा बसवत होतो. मी त्यांना ॲप उघडून दाखवायला लागलो, तर त्यांनी हात धरला आणि म्हणाले, "मोटर चालू शे का बंद शे, इतलंच सांग." त्यांना आमचा लेख कुठे गाजला याच्याशी काय देणंघेणं?

पण धाकट्याची बाजूही सांगायला हवी. ऑटोवरचे आमचे सगळे डबे लाईट आल्यावर बरोबर ६० सेकंदांनी मोटार चालू करायचे. चोपड्याकडे एका डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, आमचे सात डबे होते. सातही मोटारी एका दमात उठायच्या आणि डीओ (ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज) उडायचा. वायरमन वैतागला, शेतकरी आमच्या नावाने ओरडायला लागले. आम्ही दोन महिने चुकीच्या जागी दोष शोधत होतो. लेख वाचून जर्मनीतल्या एका अनोळखी इंजिनियरने प्रोग्रॅम चाळला आणि लिहिलं की प्रत्येक डब्याने सिमच्या नंबरावरून आपला वेगळा वेळ धरावा. चार ओळींचा बदल होता. त्यानंतर त्या डीपीची एकही तक्रार नाही. ही मदत पैसे देऊनही मिळाली नसती.

तर अशा लोकांच्या कौतुकाचा कंपनीला खरोखर फायदा होतो का? कोणाला अनुभव असेल तर सांगा. बँकेचा हप्ता चालू आहे, दोन्हीकडे पळणं जमणार नाही.

प्रतिसाद (मूळ भडगाव, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये):

दादा, वाचणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर फायदा प्रचंड होतो. इंटरनेटवर फायली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये त्यांनी हॅकर न्यूजवरच पहिली झलक दाखवली. तेव्हा एकाने लिहिलं होतं की हे तर एफटीपी (फायली पाठवायची जुनी पद्धत) वापरून घरीही जमेल. पुढच्या वर्षी त्यांचा एक व्हिडिओ डिग या साइटवर गाजला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली, कारण फायली सांभाळायचा त्रास त्या वाचकांनाच होता. उलट २००१ मध्ये ॲपलचा गाणी ऐकायचा आयपॉड आला तेव्हा स्लॅशडॉट या तशाच तंत्रज्ञ मंडळींच्या साइटवर त्याला नाकं मुरडली गेली, तरी तो तुफान खपला. त्या मंडळींची पसंती-नापसंती म्हणजे बाजार नव्हे. तुमचं गिऱ्हाईक तिथे नाही, पण तुमचे परीक्षक तिथे आहेत. दोन महिने देऊ नका, नवा प्रोग्रॅम निघाला की एक लेख टाका. आणि आलेल्या मेलमधून भाव विचारणारे आधी वेगळे काढा.

प्रतिसाद (शिरपूर, कृषी सेवा केंद्र):

भाऊ, मी दुकानात बसून बघतो ते सांगतो. शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, "बिघडलं तर कोण येईल?" दुसरा, "कापूस विकल्यावर पैसे दिले तर चालतील का?" ऐन पाण्याच्या दिवसांत डबा बंद पडला आणि तुम्ही चार दिवसांनी आलात तर ते गाव तुमच्या हातून गेलं. रिवायंडिंगवाल्याकडे दोन जादा डबे ठेवा. खराब झाला की तो जागेवर बदलून देईल, तुम्ही मागाहून दुरुस्त करा. प्रत्येक डब्यामागे त्याला दोनशे रुपये सुटू द्या. धाकट्याला लिहिता येतं ना, मग त्याला एक पानभर मराठी माहिती लिहायला सांगा, पेटीच्या दारावर आतून चिकटवायला. आज तुमच्या डब्याबरोबर इंग्रजी कागद येतो, तो कोणी उघडतही नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. मराठी कागदाचं काम धाकट्याने कालच हाती घेतलं. जादा डबे चोपड्याच्या दोन दुकानांत या आठवड्यात ठेवतो.

काल रात्री बसून सगळे मेल पुन्हा वाचले. ११२ होते. भाव विचारणारे फक्त चार. त्यातला एक बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाचा, वडिलांची बऱ्हाणपूरकडे केळी आहे. त्याने १९ फेब्रुवारीला लिहिलं होतं, "बाबा रात्री एकटे विहिरीवर जातात, एक डबा पाठवाल का?" कौतुकाच्या मेलना आम्ही उत्तरं लिहीत बसलो आणि हा तसाच राहिला. आज सकाळी त्याला फोन करून माफी मागितली. त्याला अजून डबा हवा आहे, आणि त्याच डीपीवरच्या त्याच्या दोन काकांनाही.

रविवारी मी स्वतः बसवायला जातोय. रावेरच्या पलीकडे आमचं कोणीच नाही. बऱ्हाणपुरात भरवशाचा रिवायंडिंगवाला कोणाच्या ओळखीचा असेल तर शनिवारपर्यंत कळवा.