मदत हवी आहे : कॅनडाच्या एकीकरणात जॉन मॅकडोनाल्ड यांचे श्रेय नेमके कोणते?

नमस्कार. आमच्या अभ्यास मंडळात संघराज्यांच्या घडणीवर टिपण वाचायचे आहे आणि त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मत हवे आहे.

१ जुलै १८६७ रोजी ओंटारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक हे चार प्रांत मिळून कॅनडाचे संघराज्य झाले. पहिले पंतप्रधान म्हणून मॅकडोनाल्ड यांनाच त्याचे शिल्पकार म्हटले जाते. मात्र जून १८६४ मध्ये कॅनडा प्रांताच्या (पुढे ओंटारिओ व क्वेबेक झालेल्या भागांचा तेव्हाचा एकच प्रांत) विधिमंडळात, मॅकडोनाल्ड यांचे विरोधक जॉर्ज ब्राउन यांच्या समितीने संघराज्याच्या बाजूने अहवाल दिला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या सदस्यांत मॅकडोनाल्ड होते. शेजारी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, राज्यांना जादा अधिकार दिल्याचेच ते फळ आहे असे त्यांचे मत होते आणि म्हणून त्यांना एकच विधिमंडळ असलेले एकात्म राज्य हवे होते. त्याच दिवशी त्यांचे सरकार पडले आणि थोड्याच दिवसांत, ज्या ब्राउन यांच्याशी त्यांचे जुने हाडवैर होते, त्यांच्यासह ते संयुक्त सरकारात बसले.

सप्टेंबरमध्ये शार्लटटाउनला भरलेली परिषद मुळात सागरी प्रांतांच्या (नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक व प्रिन्स एडवर्ड बेट) आपसातील एकीकरणासाठी होती. कॅनडा प्रांताची मंडळी तेथे पाहुणी म्हणून गेली. गावात सर्कस आल्याने मुक्कामाला जागा मिळेना आणि त्यांच्यापैकी अनेकांना बोटीवरच राहावे लागले. तरीही चर्चेचा विषय त्यांनी पालटवला! पुढच्याच महिन्यात क्वेबेकला ७२ ठराव झाले. शेषाधिकार (कोणाकडेच स्पष्टपणे न सोपवलेले अधिकार) केंद्राकडे, प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर (राज्यपालांसारखे प्रांतप्रमुख) केंद्राने नेमायचे, प्रांतिक कायदा रद्द करण्याची मुभाही केंद्राला, या तरतुदींत मला मॅकडोनाल्ड यांचा हात स्पष्ट दिसतो. आपल्या राज्यघटनेतही शेषाधिकार केंद्राकडेच असल्याने हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मूळनिवासींबाबतच्या त्यांच्या धोरणावर आज कठोर टीका होते व ती रास्तच आहे, परंतु तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

माझे मत असे की कॅनडा प्रांताच्या इंग्रजी व फ्रेंच भागांतील राजकीय कोंडी ब्राउन यांनी फोडली, फ्रेंच भाषा व दिवाणी कायद्याची हमी मिळवून फ्रेंच भाषकांचे नेते कार्तिए यांनी क्वेबेकला सोबत आणले आणि मॅकडोनाल्ड यांनी स्वतःला नको असलेली कल्पना स्वीकारून तिला बळकट केंद्राचा आकार दिला. हे विभाजन योग्य आहे का? शिवाय, १८६७ च्या निवडणुकीत नोव्हा स्कोशियाच्या १९ पैकी १८ जागा एकीकरणविरोधकांनी जिंकल्या होत्या. त्यांचे नेते जोसेफ हाउ यांना वाढीव आर्थिक सवलती देऊन १८६९ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी मंत्रिमंडळात घेतले. हा व्यवहार एकीकरणाच्या श्रेयात धरावा, की लोकमत डावलल्याची ती भरपाई मानावी?