मदत हवी आहे : गॅस इंजिनच्या एक्झॉस्टवरील हीट एक्स्चेंजरच्या नळ्या गळतात

यंत्रमित्र : आमच्या सुमारे १ मेगावॅटच्या गॅस इंजिनच्या एक्झॉस्टवर गरम पाण्यासाठी बसवलेल्या शेल-अँड-ट्यूब (कवचात नळ्यांचा जुडगा असलेल्या) एक्स्चेंजरच्या नळ्या पुन्हा गळू लागल्या आहेत. धूर ४५० अंशांना आत शिरतो आणि १८० अंशांना बाहेर पडतो, तरीही गंज का चढतो? नव्या एक्स्चेंजरची ऑर्डर याच आठवड्यात द्यायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

उष्मागणित : इंधन कोणते, पाणी किती अंशांना येते आणि गळती नेमकी कोणत्या टोकाला आहे?

गारवा : गरम पाण्यापेक्षा एक्झॉस्टच्या उष्णतेवर थंडावा तयार करणारे व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर बसवावे. आमच्या वातानुकूलनाचा वीजखर्च त्यामुळे बराच उतरला.

यंत्रमित्र : आम्हाला थंडावा नको आहे. इंधन डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा (मद्यार्क गाळल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) बायोगॅस आहे, पाणी ७० अंशांना येते आणि गळती त्याच टोकाला आहे.

उष्मागणित : बायोगॅस हे आधी कळायला हवे होते. त्यातला हायड्रोजन सल्फाइड जळून शेवटी गंधकाम्लाची वाफ होते आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली वाफेचे थेंब होऊ लागतात तो) साधारण १२० ते १५० अंशांच्या दरम्यान असतो. धुराकडून नळीला उष्णता फार सावकाश मिळते आणि पाणी ती कितीतरी वेगाने ओढून घेते, त्यामुळे धूर १८० अंशांवर असला तरी नळीची भिंत पाण्याच्याच तापमानाजवळ राहते. आम्ल तिथेच साचते.

भट्टीवाला : फिनच्या (बाहेरून पातळ पट्ट्या लावलेल्या) नळ्या घ्या, एक्स्चेंजर पुष्कळ लहान होईल. मटेरियल ३१६ स्टेनलेस ठेवा.

उष्मागणित : मला हे मुळीच पटत नाही. फिनमध्ये काजळी अडकून बॅकप्रेशर (धुराच्या अडथळ्याने इंजिनवर येणारा उलट दाब) वाढेल, भिंतीचे तापमान दवबिंदूच्या वर जाणार नाही, आणि गरम गंधकाम्लापुढे ३१६ चा भरवसा धरता येत नाही.

भट्टीवाला : आमच्या नैसर्गिक वायूच्या इंजिनवर फिन उत्तम चालल्या आहेत.

उष्मागणित : नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसतोच! यंत्रमित्र, डिस्टिलरीला वाफ लागतेच, तेव्हा पाण्याऐवजी ८ बारची वाफ तयार करण्याचा विचार करावा. तिचे तापमान सुमारे १७५ अंश असल्याने भिंत दवबिंदूच्या वर राहते. धूर मग साधारण २०० अंशांच्या खाली उतरवता येणार नाही आणि थोडी उष्णता सोडावी लागेल, पण नळ्या टिकतील. फीड वॉटर (वाफेसाठी आत सोडले जाणारे पाणी) मात्र थंड असताना धुरावर तापवू नये, नाहीतर हेच दुखणे तिथे सुरू होईल.

यंत्रमित्र : वाफेचा पर्याय आजच मांडतो. आकारमानासाठी आणखी काय लागेल?

उष्मागणित : स्क्रबरनंतर (बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढणाऱ्या यंत्रानंतर) हायड्रोजन सल्फाइड किती पीपीएम उरतो, पूर्ण भारावर धुराचा प्रवाह किती आणि इंजिन उत्पादकाने बॅकप्रेशरची मर्यादा किती दिली आहे, हे कळवावे.