तिसऱ्या अंकातला परवाना

ए-४०१: नमस्कार. मुलांच्या नाटकाचा तिसरा अंक रात्रीतून परस्पर बदलला आहे. आधी राजा अग्निमंत्रावर बंदी घालत होता, आता परवाना देतोय. कोणाला विचारून?

सी-१०३: मलाच विचारून, काका. मीच बसवतेय नाटक.

ए-४०१: मागच्या वर्षीही हेच ऐकलं होतं. असो.

बी-२०२: बंदी घातली की पोरं चोरून शिकतात, गुरूशिवाय. उच्चार अर्धवट येतो आणि गाव जळतं. बदल बरोबर आहे.

बी-५०४: मंत्रावर बंदी नको. नुकसान केलं तर शिक्षा करा. इतकं साधं आहे.

ए-४०१: गाव जळल्यावर शिक्षा करून काय उपयोग? नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८७५ मध्ये ब्रिटनने स्फोटकांचा कायदा केला, बनवायला परवाना, साठवायला परवाना. पुढच्या स्फोटाची वाट बघत बसले नाहीत.

बी-२०२: डायनामाइट गोदामात ठेवून कुलूप लावता येतं काका. मंत्र तोंडात असतो.

डी-३०१: आमच्याकडे एक तोंड आहे, कुलूप मिळालं तर कळवा 😄

डी-३०१ वहिनी: वाचतेय मी.

ए-१०१: लिफ्ट परत आवाज करतेय.

सेक्रेटरी: कळवलं आहे. कृपया एकाच विषयावर बोला.

बी-५०४: वर गेलं म्हणून पुन्हा टाकतोय. मंत्रावर बंदी नको. नुकसान केलं तर शिक्षा करा.

सी-१०३: काका, दुसरा अंक वाचलात का? ती मुलगी ठिणगी घेऊनच जन्माला आलीये. शिंकली तरी पडदा पेटतो. तिच्यावर काय बंदी घालणार? म्हणून परवाना जागेला ठेवलाय. नदीकाठी चालेल, धान्याच्या कोठाराजवळ नाही. मेलेल्याला उठवणं मात्र साफ बंद, त्याला कुठलीच जागा सुरक्षित नाही.

ए-४०१: आणि तपासणार कोण? ज्याला मंत्र येत नाही त्याला काही कळणार नाही. ज्याला येतो तो आपल्याच माणसांना पास करणार. आपल्याकडे दुसरं काय चालतं?

सेक्रेटरी: रोख ऑडिटकडे असेल तर मीटिंगमध्ये बोला.

ए-४०१: मी नाटकाबद्दल बोलतोय. तुम्हाला का झोंबलं?

बी-२०२: मला भीती खोट्या तक्रारींची वाटते. प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्यांच्या संहितेत दुसरंच कलम चेटूक केल्याच्या आरोपाचं आहे. आरोपीने नदीत उडी घ्यायची. बुडाला तर त्याचं घर तक्रारदाराला. वाचला तर तक्रारदाराला देहदंड, आणि तक्रारदाराचं घर आरोपीला.

डी-३०१: म्हणजे पोहता येणाऱ्याला फुकटात दुसरा फ्लॅट! माझ्यावर करा कोणीतरी आरोप.

बी-५०४: मंत्रावर बंदी नको. नुकसान केलं तर

ए-१०१: लिफ्ट बंद पडली. मी आत आहे.

सेक्रेटरी: आलो.

सी-१०३: तपासनीस तीन ठेवते. एक मंत्र येणारा, एक न येणारा आणि एक ज्याचं घर जळलंय तो. तिसरा तुम्ही कराल का, काका?

ए-४०१: संवाद किती आहेत?