बेळगावात गप्प असलेलं इंजिन घाटात ठोकतं. मग टेस्ट कुठं करायची?

उद्यमबागचा लेथवाला
गेल्या महिन्यात माझ्या गाडीच्या तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली. इंजिन जुनं, चार सिलिंडर, १२९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५, नॉक सेन्सर नाही. नॉक म्हणजे ठोकणं: सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके. त्याआधी हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट) केलं होतं, गॅस्केट पातळ घातलं होतं, ठिणगीचं टायमिंग ३ अंश पुढं, म्हणजे लवकर, घेतलं होतं. काँग्रेस रोडवर, हायवेला, कुठंच आवाज नव्हता. पणजीहून परत येताना गोव्यातल्या केरीपासून चोर्ला घाट चढायला लागलो, चौथा गिअर, पाय खालपर्यंत दाबलेला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज होता. काचा बंद, एसी चालू. मी दुर्लक्ष केलं, ही माझी चूक.

हिशेब नंतर केला. एका सिलिंडरचे ३२५ सीसी. मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९ धरलं तर वरची जागा ४०.६ सीसी उरते. चेंबरचा आकार बाजूला ठेवला तरी फेसिंग आणि गॅस्केट मिळून १ मिमी उंची गेली की त्यातले ४.३ सीसी जातात आणि कॉम्प्रेशन १० च्या जवळ पोचतं.

पण माझा मुद्दा निराळा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथं हवेचा दाब गोव्यापेक्षा ८-९ टक्के कमी. म्हणजे टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन इथं कधी पूर्ण हवा ओढतच नाही आणि तितकं ठोकतही नाही. घाटाच्या पायथ्याला हवा पूर्ण भरते, वर गरमी, आरपीएम कमी, भार जास्त. म्हणून मॉडिफाय केलेली गाडी बेळगावातच फिरवून ‘ओके’ म्हणणं मला पटत नाही.

खानापूरकर
दादा, हिशेब बरोबर असेल, पण उगाच भीती घालू नका. आमच्या मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून चाळीस वर्षं इंजिनं जुळवली. ठोकायला लागलं की गिअर खाली घ्यायचा, भार उतरतो, आवाज जातो. प्लग काढून बघा. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले तर टायमिंग मागं घ्या. एवढं पुरतं की.

उद्यमबागचा लेथवाला
प्लगचं मान्य. पण ठिपके दिसतात तेव्हा नुकसान सुरू झालेलं असतं. कमी आरपीएमला कान चालतो. साडेचार हजारावर टॅपेट, सायलेन्सर आणि टायर यांच्या गोंगाटात ड्रायव्हरच्या सीटवर काही कळत नाही, आणि पिस्टन तिथंच जातो. साधा उपाय सांगतो: तांब्याच्या पाइपचं एक टोक चपटं करून भोक पाडा, ब्लॉकच्या बोल्टाखाली आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती कारखान्यातल्या कानझाकण्यात. शेजारी बसणाऱ्यानं ऐकायचं. गाडी चालवणाऱ्यानं कान झाकू नयेत.

हिंदवाडी टर्बो
हे सगळं जुन्या गाड्यांचं झालं. माझी टर्बो आहे. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डचा, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा, दाब मोजून बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ठरवतो, त्यामुळं तुमचं गोवा-बेळगाव गणित मला लागू नाही. ब्लॉकवर सेन्सर आहे, नॉक आला की टायमिंग मागं. रिमॅप केलाय (ईसीयूतली सेटिंग बदलून घेतलीय), १०० ऑक्टेनचं, म्हणजे नॉक जास्त रोखणारं, पेट्रोल भरतो. कान कशाला लावायचा?

निपाणीचा वायरमन
भावा, दाबाचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर. सेन्सरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. तो विशिष्ट आवाजच ऐकतो. ७४ च्या बोअरला नॉक साधारण साडेसात हजार हर्ट्झच्या आसपास वाजतो. इंजिन माउंट कडक घातले किंवा फोर्ज्ड पिस्टन बसवले की गार इंजिनातला खडखडाटही तो नॉक समजतो. मग एखादा ट्यूनर त्याची संवेदनशीलताच कमी करून टाकतो. एका गॅरेजात सेन्सरखाली जास्तीचा वॉशर घातलेला मी स्वतः काढलाय. चपट्या सेन्सरचा बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरला आवळायचा, खाली रंग-गंज नको. आणि ईसीयू दर चढाला टायमिंग मागं घेत असेल तर गाडी वाचते, पण तुझा रिमॅप नॉकच्या काठावर बसलाय असा त्याचा अर्थ. ओबीडी (गाडीच्या सॉकेटला लावायचा रीडर) लावून लॉग बघ की.

खानापूरकर
मग आताचं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, पेट्रोल? त्याला किमान ९५ ऑक्टेन असतं. इथेनॉल हवा थंडही करतं. नॉकचा प्रश्न मिटायलाच हवा.

निपाणीचा वायरमन
काका, अर्धं खरं. शुद्ध पेट्रोलला हवा वजनानं १४.७ पट लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुना कार्ब्युरेटर किंवा जुना मॅप तितकंच पेट्रोल सोडत राहिला तर मिश्रण पातळ होतं, गरमी वाढते. जेट किंवा मॅप आधी सुधारा, मग ऑक्टेनचा फायदा घ्या.

हिंदवाडी टर्बो
लॉग काढला. जांबोटीच्या पुढं तिसऱ्या गिअरला, २२०० आरपीएमवर पूर्ण दाबलं की ५ अंश मागं जातंय. हे मला माहीत नव्हतं. पण १०० चं पेट्रोल सोडणार नाही.

उद्यमबागचा लेथवाला
सोडू नका. फक्त खालच्या आरपीएमचं बूस्ट कमी करून घ्या, एका पायरीनं थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घाला, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीत तेल साठवणारा डबा लावा, कारण इनटेकमध्ये जाणारं तेल ऑक्टेन खाली ओढतं. माझं टायमिंग २ अंश मागं घेतलंय. जाड गॅस्केट मागवलंय. ते बसलं की पाइप लावून केरीपासून वर येणार.