वर्गातल्या पॉडकास्टसाठी ६,००० रुपये: कॉलर माईक घ्यावेत की एकच दणकट माईक?

खडूफळा (धागाकर्ती)
आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या मुलांनी गावातील आजींच्या जात्यावरच्या ओव्या आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा पॉडकास्ट करायचे ठरवले आहे. लोकवर्गणीतून ६,००० रुपये जमले आहेत. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर चालते आणि ते मोफत असल्यामुळे संपादनाचा वेगळा खर्च नाही. फोनला जोडायचे, तारेचे दोन कॉलर माईक घ्यावेत असे माझे मत आहे. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा कॉलर माईक हजार रुपयांच्या आत मिळतो, त्याची तार ६ मीटर लांब असते आणि तो खिशात घालून कोणाच्याही ओसरीवर नेता येतो. सहकारी मात्र याला खेळणे म्हणतात.

आवाजवेडा
बाई, मी सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. कॉलर माईकची तार नाजूक असते आणि सातवीतली मुले ती दप्तरात कशी कोंबतील हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्याऐवजी यूएसबी (लॅपटॉपसाठी) आणि एक्सएलआर (मिक्सरसारख्या ध्वनियंत्रणेसाठी) अशा दोन्ही जोडण्या असलेला एकच डायनॅमिक माईक, म्हणजे मुख्यतः जवळचाच आवाज पकडणारा दणकट माईक, घ्यावा. साधारण याच रकमेत तो मिळतो. या जातीच्या माईकचा दणकटपणा जुना आहे. शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक १९६६ साली आला आणि मंचावर आजही तोच दिसतो. फक्त, दुकानदार गळ्यात मारेल तो टेबलावरचा कंडेन्सर माईक घेऊ नका, कारण उघड्या भिंतींच्या वर्गात तो बोलणाऱ्याबरोबर पंखा, बाकांचा खडखडाट आणि शेजारच्या वर्गातले पाढेही तितक्याच निष्ठेने टिपतो.

एक पालक
दोघांच्याही मताशी मी असहमत आहे. माईक आणि तोंड यांतले अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून हातभर अंतरावर ठेवलेला महाग माईकसुद्धा विहिरीत बोलल्यासारखा वाटतो. फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी अंथरावी आणि पंखा बंद करावा. एवढे केले तर एक रुपयाही खर्चावा लागणार नाही. (गोधड्या मी देतो.)

खडूफळा
गोधड्या आनंदाने घेते, पण वीतभर अंतरावर फोन धरला की आजी बोलायच्या थांबतात, हे गेल्या आठवड्यात अनुभवले. हातात धरायच्या माईकचेही तेच होईल अशी भीती वाटते. एका परिचितांचा कॉलर माईक आणून पाहिला, तेव्हा दोन मिनिटांत आजी तो विसरल्या. पदराला लावल्यावर मात्र नऊवारीच्या काठाची खसखस आणि बांगड्यांचा आवाज शब्दांवर चढला. मग पदर जिथे हलत नाही तिथे, खांद्याजवळ, चिमटा लावून तारेचा एक वेढा पिनेने अडकवला, तेव्हा ओवी स्वच्छ आली. जाते फिरवत असताना तोंडासमोर माईक धरणार तरी कोण, हाही प्रश्न आहेच.

आवाजवेडा
जात्यावरच्या ओव्यांपुरते मी माघार घेतो. वर्गात चार मुले एका टेबलाभोवती बसून चर्चा करतील, तेव्हा काय करणार? एका फोनला दोन कॉलर माईक थेट लागत नाहीत. शिवाय खरेदीपूर्वी पीन पाहावी: फोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, साध्या कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. आणि नव्या अनेक फोनना हेडफोनचे ते गोल छिद्रच नसते, म्हणजे वर जोडणीचा तुकडाही आला.

खडूफळा
माझ्या आणि मुख्याध्यापकांच्या फोनना छिद्र आहे. दोन फोनवर वेगवेगळे मुद्रण करायचे आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे ऑडॅसिटीत टाळीची दोन्ही टोके जुळवून दोन्ही मुद्रणांचे पट्टे एकावर एक बसवता येतात. चार मुलांना दोनदोनच्या जोड्यांनी बसवून माईक मध्ये ठेवीन.

आवाजवेडा
लांबलेल्या मुद्रणात दोन फोनची घड्याळे किंचित मागेपुढे सरकतात, म्हणून दहा मिनिटांहून मोठा तुकडा एका दमात घेऊ नका. आणि दोन मुलांच्या मधोमध ठेवलेला कॉलर माईक हा कॉलर माईक राहत नाही, हे माझे मत कायम आहे. अजून एक, त्या बोयाच्या तारेवर असलेल्या डबीवरचे बटण फोनच्या बाजूलाच ठेवायला मुलांना शिकवा. कॅमेऱ्याच्या बाजूला राहिले तर आतला बटणसेल गुपचूप संपतो.

एक पालक
वर्गातल्या चर्चेसाठी तरी आधी माझ्या गोधड्या टांगून फोनवर एकदा घेऊन पाहा. शनिवारी सकाळी आणून देतो.