घरच्या लेथवर १०० मिमीचा साइन बार: ग्राइंडर नसताना जमेल का?

टर्नर_मिरज:
मंडळी, छोट्या लेथवर मिलिंग स्लाइड आहे, ३००×२०० ची ग्रॅनाइट प्लेट आहे, ०.००२ चा लिव्हर डायल (उंचीतला बारीक फरक दाखवणारा) आहे. सरफेस ग्राइंडर नाही. साइन बार (दोन टोकांना सारखे रोलर असलेली पट्टी, एका रोलरखाली ठरावीक उंची ठेवून कोन लावतात) हवाय तो मुख्यतः एमटी-३ (मोर्स टेपर क्र. ३, लेथच्या अवजारांचा निमुळता दांडा) टेपर तपासायला. रोलरच्या मध्यांतलं अंतर बरोबर १००.०० आणायचं कसं? बॉडी ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) ची करून हार्डन करू का? आणि हार्डन डॉवेलला (तयार मिळणाऱ्या कडक पिनेला) भोक पडत नाही, मग रोलर पकडायचे कसे?

बिडाची_प्लेट:
हार्डनिंगच्या वाटेला जाऊ नका. तुकडा वाकणार, आणि ग्राइंडरशिवाय तो सरळ होणार नाही. घरच्या वापराला बीड उत्तम. ब्राइट बार टाळा. कोल्ड ड्रॉ केलेल्या बारच्या सालीत ताण असतो, एका बाजूने खाच काढली की तो धनुष्यासारखा वळतो.

रोलर १२ मिमी सिल्व्हर स्टीलचे, एकाच सळीचे शेजारशेजारचे दोन तुकडे. सळी ग्राउंडच येते आणि मऊ असते, त्यामुळे मध्यावर आडवं २.५ चं भोक पाडून एम३ आटे निघतात. बॉडी २५ रुंद, २० उंच. दोन्ही टोकांना खालून ८ मिमी खोल पायरी (६ पेक्षा जास्तच हवी, नाहीतर रोलर उभ्या बाजूच्या कडेवरच टेकतो), पायऱ्यांच्या उभ्या बाजूंमध्ये ८८.०० अंतर (८८ + ६ + ६ = १००). पायरीच्या कोपऱ्यात हॅकसॉने बारीक चर मारा. तो नसला तर बर (कापताना उरलेली धारदार कड) अडकतो आणि रोलर दोन्ही बाजूंना टेकतच नाही. बॉडीत वरून ४५ अंशात, कोपऱ्यातून बाहेर पडेल असं ३.६ चं ढिलं भोक पाडा, वर ॲलन स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसेल एवढा खड्डा करा. भोक ढिलं असलं तरच रोलर आपली जागा शोधतो.

आता क्रम. वरचा पृष्ठभाग सगळ्यात शेवटी. रोलर कसून बार प्लेटवर ठेवा, डायल फिरवा, उंच निघेल तिथे ब्लू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेप करा, म्हणजे हाताने खरवडा. दोन्ही टोकं आणि आडवी रुंदी ०.००३ च्या आत आली की बस्स. पायऱ्यांच्या खोलीतला फरक यात पूर्ण निघून जातो. रोलरच्या व्यासातला किरकोळ फरकही लहान कोनांवर जवळजवळ खोडला जातो.

शून्य_शून्य_पाच:
१००.०० च्या मागे लागण्यात अर्थ नाही. आलं ते अंतर मोजा, बारवर कोरा, आणि रोलरखालची उंची = अंतर × साइन कोन, झालं. मोजायचं कसं? रोलरच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजून त्यातून एक व्यास वजा.

अंतरातल्या चुकीचा परिणाम कोनाच्या टँजंटप्रमाणे वाढतो. ०.०१ मिमी चुकलं तर ३० अंशांवर सुमारे १२ सेकंद (कोनाचे, १ अंश = ३६०० सेकंद), ६० अंशांवर ३६. म्हणूनच ४५ च्या वर साइन बार वापरू नये म्हणतात. तुमच्या एमटी-३ चा पूर्ण कोन आहे २.८७५ अंश. तिथे अंतरात ०.१ मिमी चूक झाली तरी फरक फक्त १० सेकंदांचा, व्हर्नियरही पुरेल! उलट खालच्या उंचीत ०.००५ चुकलं तरी तेच १० सेकंद. तेव्हा काळजी उंचीची घ्या.

टर्नर_मिरज:
छान. स्लिप गेजचा (ठरावीक जाडीच्या अचूक ठोकळ्यांचा) सेट नाही. लेथवर टर्न केलेल्या चकत्या चालतील? आणि स्क्रेपिंगऐवजी काचेवर पॉलिश पेपर?

बिडाची_प्लेट:
पेपर थोडा दबतो, त्यामुळे कडा गोल होतात आणि मधला भाग उंच राहतो. स्क्रेपरच घ्या. आणि पेपर किंवा लॅपिंग पेस्ट ग्रॅनाइटवर चुकूनही नको.

शून्य_शून्य_पाच:
चकती चालेल, पण चार ठिकाणी मायक्रोमीटर लावून समांतर आहे का बघा. पार्टिंगच्या बाजूला मध्ये टोंब राहतो, तो काढा. उंची ५.०१६ हवी. पुढे ८७ स्लिप गेजचा सेट मिळाला तर १.००६ + १.०१ + ३. पूर्ण कोन लावल्यामुळे टेपरची वरची रेघ प्लेटला समांतर येते. डायल दोन्ही टोकांना सारखा दाखवला पाहिजे. मात्र टेपर बारवर तिरका ठेवलात तर खोटं रीडिंग येईल, म्हणून बारच्या एका कडेला पातळ पट्टी स्क्रूने लावून टेपर तिला टेकवा. टेपर टेकला की त्याची मधली रेघ अर्ध्या कोनाने फिरते, तेव्हा पट्टी तेवढीच, १.४४ अंश, उलटी तिरकी लावा.