मदत हवी आहे: ट्रकवरचा क्लोरीन टनर बेरजेत धरायचा का?

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे 900 किलोचे 11 क्लोरीन टनर (गॅस साठवायच्या मोठ्या आडव्या टाक्या) असतात, म्हणजे 9,900 किलो. 1989 च्या घातक रसायन नियमांत क्लोरीनचा साठा 10 टन झाला की ऑन-साइट आपत्कालीन आराखडा, म्हणजे कारखान्यात अपघात झाला तर काय करायचं याची लेखी योजना, करावी लागते. पण बारावा टनर ट्रकवर, गेटाच्या आतच उभा असतो! साहेब म्हणतात, उतरवला नाही तर मोजायचा नाही. मला पटत नाही. खडूने फुली मारलेल्या 'रिकाम्या' टनरांतही गॅस उरतो. परवा अशाच एका टनराच्या व्हॉल्व्हजवळ अमोनियाचा बोळा धरला, पांढरा धूर निघाला, म्हणजे क्लोरीन गळतोय. कुंपणाला लागूनच वस्ती आहे, शाळा सुटली की पोरं तिथूनच जातात. कुणी फॅक्टरी इन्स्पेक्टरांना असा हिशेब दिला असेल, तर ट्रकवरचा आणि उरलेला गॅस कसा मांडला, तेवढं सांगा.